रस्त्यात लावलेला वेत

रुसीन परत आली तेव्हा तिच्या कपड्यांना अजून माहेरच्या धुराचा वास होता. नदीच्या वरच्या अंगाला, तिच्या भावांच्या गावात, आईचा क्वांगकाय होता. पुरलेली हाडं बाहेर काढायची, धुवायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं, त्यांच्याबरोबर नाचायचं आणि मग कायमचा निरोप द्यायचा, हे काम घाईचं नसतं. आठवड्यामागून आठवडे गेले. रुसीन नाचली, रडली, तांदळाची दारू प्याली, भावांशी भांडली आणि मन हलकं करून होडीत बसली.

धक्क्यावर तिची मुलगी देया उभी होती. तिने आईच्या पाठीवरची वेताची टोपली उतरवून घेतली, पण नजर काही वर केली नाही.

"कोण गेलं?" रुसीनने विचारलं.

"कुणी गेलं नाही."

"मग तोंड असं का केलंयस?"

"आधी घरी चल, आई. जेव."

"देया."

"बागेतून रस्ता काढलाय कंपनीने," देया म्हणाली. "मधोमध."

रुसीन घरी गेलीच नाही. ओढ्याच्या कडेने बागेची वाट धरली. ती वाट कायम काळोखी असायची, भर दुपारीही पायाखाली गारवा असायचा. आज समोरून उजेड येत होता. तो बघून तिने झपझप पावलं उचलली.

परक्या माणसाला ती बाग वाटलीच नसती. त्याला ते जंगल दिसलं असतं. देया पोटात होती तेव्हा रुसीन आणि तिचा नवरा नालिस यांनी तिथलं रान जाळून भात पेरला होता आणि भाताच्या मधून मधून वेताची रोपं खोचली होती. भात निघाला, रान परत वाढलं आणि वाढत्या झाडांना आकडे घालत वेत वर गेला. नंतर त्यांनी बी टाकलं, रोपं हलवली, म्हाताऱ्या बेटांच्या जागी नवी लावली. दोन वर्षांपूर्वी सगळं रान पेटलं होतं. महिनोन् महिने सूर्य तांबडा दिसायचा. तेव्हा बागेभोवतीचा पालापाचोळा खरवडून, ओल्या गोणपाटांनी ज्वाळा बडवून दोघांनी ही बाग राखली. आजूबाजूच्या किती बागा कोळसा झाल्या, ही उभी राहिली. नालिसच्या छातीत मात्र तो धूर बसला तो बसलाच. पुढच्या पावसाळ्यात खोकत खोकत तो गेला.

आता त्या बागेच्या मध्यातून लाल मातीचा रुंद पट्टा गेला होता. दोन्ही बाजूंना झाडं मुळांसकट आडवी पडली होती आणि त्यांच्या फांद्यांत गुंतलेले वेत विस्कटलेल्या केसांसारखे लोंबत होते. पट्ट्याच्या टोकाला एक बुलडोझर उभा होता. त्याच्या सावलीत एक माणूस केळीच्या पानातून भात खात होता. तो कादिर. नदीच्या खालच्या अंगाचा, बांजार जमातीचा माणूस.

"मावशी, पुढे येऊ नका," तो म्हणाला. "माती कच्ची आहे."

"हे तू केलंस?"

"मशीन मी चालवतो."

"मी तेच विचारलं."

कादिरने घास खाली ठेवला. "हो. मी केलं."

"वेत दिसला नाही तुला?"

"दिसला. काटे काचेवर आपटत होते. मी खाली उतरून विचारलंसुद्धा, हा कुणी लावलेला तर नाही ना. आमचा बापही वेत लावायचा, मला कळतं. तर कंपनीवाले म्हणाले, गावप्रमुखाने हो म्हटलंय, तू चालव."

रुसीन म्हणाली, "जेव तू. भात गार होईल." आणि वळली.

गावप्रमुख म्हणजे लुंजान, नालिसचा धाकटा भाऊ. रुसीन लग्न होऊन आली तेव्हा तो नाक पुसत फिरायचा. तिनेच त्याला माशाचे काटे काढून भरवलं होतं. आता तो पडवीत सिमेंटच्या खांबाला टेकून सिगारेट ओढत होता. तिला बघून त्याने सिगारेट विझवली.

"वहिनी, कधी आलात? बसा. चहा टाकायला सांगतो."

"माझ्या बागेतून रस्ता कुणाला विचारून दिलास?"

"तुम्ही नव्हता."

"म्हणूनच दिलास."

"असं नका बोलू. कंपनीला घाई होती. पलीकडे त्यांची पाम तेलाची लागवड उभी राहतेय. एका बाजूला दलदल, एका बाजूला माझं रान, मध्ये तुमची बाग. सरळ रेष तिथूनच जात होती. आणि फुकट नाही, भरपाई देणार आहेत. मी बोलून ठेवलंय."

"तुझा दादा असता तर दिला असतास?"

लुंजानने मान खाली घातली. पण तो गप्प राहणारा नव्हता. "दादा नाही ना आता," तो म्हणाला. "तेच तर म्हणतोय मी. वेताला भाव उरला नाही. भाव असता तरी उतरवणार कोण? जावई खाणीवर. पोरं कंपनीत. उंच शेंड्यात अडकलेला वेत खाली ओढायचा म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगू? काटे, मुंग्या, डोक्यावर पडणाऱ्या सुक्या फांद्या. बाईमाणसाचं काम आहे का ते? ती बाग अशीही जंगलात जाणार होती, वहिनी. मी तिचं काहीतरी केलं तरी."

"मी उतरवीन," रुसीन म्हणाली.

"तुम्ही?"

"माझं नाव सांग तुझ्या कंपनीला. आणि चहा तूच पी."

त्या रात्री तिला झोप लागली की नाही, ते देयालाही कळलं नाही. उजाडलं तेव्हा मात्र ती घरात नव्हती. फळं धरणाऱ्या जुन्या बेटांखाली बी पडून उगवलेली रोपं दाट माजलेली असतात. ती तिने मुळांच्या मातीसकट काढली, ओल्या पानांत गुंडाळली, टोपलीत भरली आणि रस्त्यावर आली. बुलडोझरने दाबलेली माती दगडासारखी झाली होती. टोकदार काठी आत जाईना. तिने पहार आणली. खड्डा पाडायचा, काळी माती बागेतून आणून ओतायची, रोप लावायचं, पुढे सरकायचं. दुपारपर्यंत रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरव्या रोपांची ओळ उभी राहिली.

पहिला ट्रक आला. चालकाने भोंगा वाजवला. रुसीन बाजूला झाली नाही. मग तो खाली उतरला, आर्जवं केली, शेवटी हसत हसत कडेने चाक घालून निघून गेला. मागून आलेले मात्र थांबले नाहीत. संध्याकाळी ती देयाच्या आग्रहाने घरी गेली आणि सकाळी परत आली तेव्हा रोपांचा चोथा झाला होता.

तिने नव्याने लावली.

ती चिरडली. तिने पुन्हा लावली. गावात लोक बोलू लागले. काहींना दया आली, काहींना हसू. कंपनीत कामाला लागलेल्या पोरांना ओशाळं वाटायला लागलं, कारण ट्रकच्या मागच्या भागात बसून त्यांनाच त्या रोपांवरून जावं लागत होतं.

"आई, तुला काय वाटतं, ते थकतील?" देयाने एकदा विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती आणि चीडही. "ते मशीन आहे. मशीन थकत नाही."

"मशीनला कुणीतरी चालवावं लागतं."

"आणि तू? तुझे हात बघ."

रुसीनने हात बघितले नाहीत. "तू येणार नसलीस तर येऊ नकोस. पण मला परत चल म्हणू नकोस."

देया गेली ती शेजारच्या तिसाईकडे. तिसाई म्हणजे गावातली सगळ्यात तिखट जीभ. विधवा, दोनदा. तिची स्वतःची बाग आगीत गेली होती. देयाचं बोलणं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तुझी आई एकटीच शहाणी आणि आम्ही काय इथे मासे सुकवत बसायचं? तुझ्या बापाने माझ्या शेतात पेरणीला हात लावला होता. ते अजून फेडायचं राहिलंय."

गावात पेरणी असो की कापणी, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, असंच चालतं. तिसाईने तोच धागा पकडून घरोघर निरोप धाडला: रुसीनकडे लावणी आहे, यायचं. कुठे लावणी आहे ते कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बायका आल्या. कोयते, पहारी, भाताची पुडकी, पान-सुपारीचे डबे घेऊन आल्या. आता कोवळी रोपं लावायची नव्हती. त्यांनी रस्त्याकाठी उपटून पडलेली जिवंत बेटं उचलली, काट्यांसकट, दोन-दोन वासे खाली घालून, आणि रस्त्याच्या मधोमध पुरली. दुपारी त्यांच्याच सावलीला बसून टोपल्या विणायला घेतल्या. कोवळ्या वेताच्या गाभ्याची कडू भाजी शिजली. तिसाई येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचालकांना वाटी पुढे करायची. "खा रे, तुमच्या कंपनीने तोडलेलाच आहे. फुकट जायला नको."

रस्ता बंद पडला.

तेव्हा कंपनीचा तोगार साहेब आला. हा सुमात्राचा, बाताक जमातीचा माणूस, आवाज मोठा, आडपडदा कमी. गाडीतून उतरून तो काट्यांच्या भिंतीपुढे उभा राहिला.

"रस्त्यात काय लावलंय हे?"

"वेत," रुसीन म्हणाली.

"रस्त्यात?"

"बागेत लावलाय. रस्ता तुमचा त्यात आलाय."

"बाई, हे बघा, मी रागवायला आलो नाही. तुमचं नुकसान झालं, मान्य. प्रत्येक बेटामागे किती ते सांगा. आत्ता देतो."

"मला पैसे नकोत."

"मग काय हवंय?"

"गावाच्या लांबघरात या. रीतीसमोर बसा. आमच्यात कुणाचा लावलेला वेत तोडला की तोडणारा तिथे येऊन बसतो."

"आणि मी पोलिसांना बोलावलं तर?"

"बोलवा की," तिसाई मध्येच म्हणाली. "जकार्तातलं सरकार बदलल्यापासून तेही आधी आम्हालाच विचारतात, यायचं का म्हणून."

बायका हसल्या. तोगारला हसू आलं नाही, पण त्याने लगेच पोलिसांना बोलावलंही नाही. दोन दिवसांनी बोलावलं, तेव्हा चौकीवरून उत्तर आलं की तुम्ही आपसात मिटवा. इकडे पामची रोपं ट्रकमध्ये वाळायला लागली होती. नदीच्या पलीकडल्या गावांतून बायकांच्या होड्या येऊ लागल्या होत्या. शेवटी एका सकाळी तोगार बूट काढून, सगळं गाव जिथे जमायचं त्या लांबघराची शिडी चढला.

रीतीचा निवाडा करायचे ते दिंगित आजोबा. डोळे अधू झाले होते, पण कान शाबूत. सगळे चटईवर बसले. एका बाजूला रुसीन, देया, तिसाई, मागे बायका. दुसऱ्या बाजूला तोगार, आणि त्याच्यापासून जरा हटून लुंजान. म्हाताऱ्याने कोंबडीच्या रक्ताचं बोट सगळ्यांच्या कपाळाला लावलं आणि विचारलं, "कुणी तोडला?"

"मी," दाराजवळून आवाज आला. कादिर होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "मशीन माझ्या हातात होतं."

"हुकूम माझा होता," तोगार चिडून म्हणाला. "तू खाली जा."

"बसू दे त्याला," आजोबा म्हणाले. "आणि दार कुणी उघडून दिलं?"

लुंजान चटईच्या कडेचा धागा उसवत होता.

"लुंजान, मी तुला विचारतोय. मला कमी दिसतं, म्हणून तू तिथे नाहीस असं होत नाही."

"मी दिली परवानगी," लुंजान म्हणाला. "गावाच्या भल्यासाठी दिली. दवाखान्याला जायला रस्ता नको का आपल्याला? माझी वहिनी एकटी आहे, आजोबा. बाग सांभाळणं तिच्याने होणार नव्हतं. मी काही चोरी केली नाही."

रुसीन त्याच्याकडे वळली. "मी एकटी आहे हे तुला माझ्या बागेत रस्ता काढतानाच आठवलं. नालिस गेल्यावर कापणीला तू आला नाहीस. छपराला पान घालायला आला नाहीस. तेव्हा मी काही गर्दीत राहत नव्हते. रस्ता हवाय ना गावाला? तुझ्या वाट्यातून काढ. सासऱ्यांनी दोघा भावांना सारखंच दिलंय."

"दिला असता," लुंजान म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही. रेष तुमच्याकडून गेली होती."

"रेष वाकते का, साहेब?" दिंगित आजोबांनी तोगारला विचारलं.

तोगारने कपाळ चोळलं. "वाकते. खर्च वाढतो."

निवाडा दुपारपर्यंत चालला. कंपनीने दंड म्हणून एक जुना मातीचा रांजण, एक घंटा आणि एक डुक्कर द्यायचं. डुक्कर कापून जमिनीची माफी मागायची. बागेतला रस्ता सोडायचा. लुंजानने आपखुशीने आपल्या वाट्यातून वाट दिली, तिची भरपाई त्याची त्याने घ्यावी. एवढं झाल्यावर रुसीन म्हणाली, "आणि लावणी?"

"कसली लावणी?" तोगार म्हणाला.

"तोडलं ते परत लावायचं. ज्याने दार उघडलं त्याने लावायचं. स्वतःच्या हाताने. मजूर धाडून नाही."

लांबघरात कुजबुज झाली. गावप्रमुखाने वहिनीच्या बागेत सगळ्यांदेखत खड्डे खणायचे, हे कधी घडलं नव्हतं. लुंजानची बायको उठून बाहेर गेली. दिंगित आजोबांनी बराच वेळ सुपारी चावली.

"मागणं रीतीला धरून आहे," ते म्हणाले. "लुंजान, लावशील."

रस्ता वळला. लुंजानच्या वाट्याचं अर्धं रान गेलं आणि त्याला मिळालेल्या पैशातून त्याने होडीला नवं इंजिन बसवलं. तो दुःखी-बिःखी झाला नाही. उलट धक्क्यावर लोकांना म्हणायचा, वहिनीने माझं भलंच केलं. रुसीनला त्या बोलण्याचा राग यायचा, कारण त्या रानातला वेतही सासऱ्यांच्या हातचा होता. मशीन तिकडे वळण्याआधी ती आणि देया तिथे शिरल्या आणि होती नव्हती ती सगळी रोपं काढून आणली. लुंजान बघत उभा होता. "न्या हवी तेवढी," तो म्हणाला. "मी विचारलं का तुला?" रुसीन म्हणाली.

मग लावणी. लुंजान आला, हे खरं. उशिरा आला, स्वच्छ शर्ट घालून आला, आणि पहिल्या खड्ड्याला पहारीवर थुंकून शिवी दिली. पण आला. लाल माती फोडताना त्याचा श्वास लागत होता. रुसीनने त्याला आधी वेत लावू दिलाच नाही. उघड्या पट्ट्यावर वेत लावला तर चढणार कशावर? आधार नसला की तो जमिनीवर सरपटत राहतो. म्हणून आधी लवकर वाढणारी रानझाडं लावायची, त्यांच्या मुळाशी वेत.

"म्हणजे डबल काम," लुंजान कुरकुरला.

"झाडंही तूच पाडायला लावलीस."

"दहा वर्षं लागतील यातून काही निघायला. तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या असाल, वहिनी?"

"तू मोज. तुला पैसे मोजायची सवय आहे."

एक दिवस खणता खणता तो थांबला. रस्त्याच्या कडेला नालिसने लावलेलं एक जुनं बेट होतं. मशीनने त्याच्या आधाराचं एक झाड पाडलं होतं आणि बाकीचे लांब वेत शेजारच्या झाडाच्या शेंड्यात अडकून होते. ते आता उतरवले नाहीत तर वाळणार होते.

"मी ओढतो," लुंजान म्हणाला. बोलताना त्याने भावाचं नाव घेतलं नाही, पण नजर तिथेच होती.

"तू खड्डे कर."

रुसीनने कोयत्याने वेत बुडाशी तोडला. देयाने आणि तिसाईने बुंध्याला वळसा घालून तो ओढायला सुरुवात केली. काटेरी खोळ चरचरत सोलली जाऊ लागली, आतला हिरवा, गुळगुळीत वेत दिसू लागला. आणि मग तो अडकला. तिघींनी अंग टाकलं तरी हलेना. वरून सुक्या काटक्या पडल्या. तिसाईने शिव्यांची माळ ओवली.

रुसीनने कोयता कमरेला खोचला आणि शेजारच्या झाडावर चढायला लागली.

"वहिनी," लुंजान पहार टाकून पुढे आला. "वहिनी, खाली या. तुम्हाला काही झालं तर मला गाव काय म्हणेल?"

"म्हणेल, याला एकट्यालाच बाकीचे खड्डे करावे लागले," ती वरून म्हणाली.

ती हळू चढली. एकदा पाय घसरला. मुंग्या मानेत शिरल्या. वेताच्या आकड्यांनी बाही पकडली, ती तिने फाडून सोडवली. फांदीच्या बेचक्यात शेंडा अडकला होता. तिने फांदीला धरून वाकून दोन वार केले आणि "ओढा" म्हणाली.

वेत सरसरत खाली आला. लांबच लांब, येतच राहिला, देया मागे सरकत सरकत पार खड्ड्यांपाशी पोचली. लुंजानच्या पायाजवळून तो गेला तेव्हा त्याने वाकून त्याला हात लावला. नकळत, जुन्या सवयीने, अंगठ्याच्या नखाने त्याने सालीची चकाकी खरवडून बघितली.

"चांगला पिकलाय," तो म्हणाला.

रुसीन खाली उतरली. गालावर ओरखडा होता, त्यातून रक्त ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही. बुडाशी बसून तिने पुढचा वेत तोडायला घेतला.

दुपारी सगळे एकत्र जेवले. भात, खारवलेला मासा. लुंजान जरा बाजूला बसला होता. तिसाईने त्याच्या पानात मासा टाकला आणि म्हणाली, "खा, प्रमुख. काटे बघून खा, आता भरवायला कुणी येणार नाही." देया हसली. लुंजानही हसला, थोडा उशिरा.

त्याने पहार खांद्यावर टाकली तेव्हा पट्ट्याचा बराचसा भाग अजून उघडाच होता. तो घराकडे निघाला.

"लुंजान," रुसीनने हाक मारली.

"काय?"

"उद्या उजाडायला ये. ऊन चढलं की रोपं माना टाकतात. आणि असला शर्ट घालून येऊ नकोस."